आपला तालुका ओळखा : वसईची भूमी, पाणी आणि लोकवस्ती

शेतीसुधारणेचा विषय निघाला की बियाणे, खते, अवजारे आणि कीडनाशके यांची चर्चा प्रथम होते. ती आवश्यकच आहे. परंतु ज्या भूमीवर ही साधने वापरावयाची ती भूमी कशी घडली, तिच्या पोटात पाणी कोठून येते व कोठे जाते, आणि त्या पाण्यावर किती माणसांचा भार आहे, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. उत्तम बियाणे व भरपूर खत देऊनही एखाद्या वाडीतील पानवेल पिवळी पडते, याचे कारण पुष्कळदा या न विचारलेल्या प्रश्नांत दडलेले असते.

अमेरिकेत आपल्या तालुक्याच्या जागी 'कौंटी' हा घटक असतो. तेथे १९१४ सालच्या कायद्याने कृषिविस्ताराचे कार्य कौंटीच्या पायावर उभे राहिले आणि मातीचे नकाशेही पुढे कौंटीवार छापले गेले. आपल्या कौंटीची जमीन, पाणी व माणसे यांची ओळख हा तेथील विस्तारसेवकाचा पहिला पाठ होय. आपल्याकडे २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजना सुरू झाली, तीही गटाच्या व गावाच्या पाहणीवरच आधारलेली होती. हाच पाठ प्रस्तुत लेखात वसई तालुक्याला लावून पाहावयाचा आहे. वाचकाने नकाशा समोर ठेवून तो वाचावा आणि आपले गाव त्यात कोठे बसते ते शोधावे.

१. सीमा व जुनी घडण

वसई हा पालघर जिल्ह्यातील दक्षिणेकडचा तालुका. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा निर्माण झाला, त्या वेळी हा तालुका नव्या जिल्ह्यात आला. पश्चिमेस अरबी समुद्र, दक्षिणेस उल्हास नदीचे मुख असलेली वसईची खाडी, उत्तरेस वैतरणा नदी आणि पूर्वेस तुंगारेश्वर व कामणचे डोंगर व त्यांपलीकडील भिवंडी तालुका, अशा याच्या सीमा आहेत. तीन बाजूंस खारे पाणी आणि चौथ्या बाजूस डोंगर, ही गोष्ट प्रथम ध्यानात धरावी. तालुक्याच्या शेतीचे बहुतेक प्रश्न या एका वाक्यात सामावलेले आहेत.

आज सलग दिसणारी ही भूमी पूर्वी सलग नव्हती. किनाऱ्याचा पट्टा हे एक बेट होते. वसईच्या खाडीपासून वैतरणेपर्यंत जाणारी एक खाडी त्यास मुख्य भूमीपासून वेगळे करीत असे. या खाडीच्या काठी सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक, हे बंदर होते. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपारा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला व नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगाव येथे सापडला. ज्या ठिकाणी गलबते लागत, त्या ठिकाणी आज इमारती व रस्ते आहेत. खाडी गाळाने भरत गेली, काही भागांत बांध घालून शेते व मिठागरे झाली, आणि अखेरीस बेट मुख्य भूमीस जोडले गेले.

हा इतिहास सांगण्याचे प्रयोजन एवढेच की खाडी बुजली तरी तिची खोलगट जागा नाहीशी होत नाही. पावसाचे पाणी जुनी वाट विसरत नाही. जुलै २०१८ मध्ये अतिवृष्टी झाली, तेव्हा नालासोपारा व वसईच्या सखल भागात पाणी साचून लोकल गाड्यांची वाहतूक बंद पडली आणि मिठागरांवरील मजूर कुटुंबे पाण्याने वेढली गेली. हे पाणी कोठे साचले ते नकाशावर पाहिल्यास जुन्या खाडीची रेषाच पुन्हा उमटलेली दिसेल.

२. तालुक्याचे तीन पट्टे

शेतीच्या दृष्टीने तालुक्याचे पश्चिमेकडून पूर्वेकडे तीन पट्टे पडतात.

पहिला पट्टा किनाऱ्याचा. अर्नाळा, आगाशी, नंदाखाल, राजोडी, नाळे, वाघोली, निर्मळ, भुईगाव, गास, गिरीज, सांडोर ही गावे या पट्ट्यात येतात. येथील जमीन वाळूमिश्रित गाळाची, भुसभुशीत व निचऱ्याची आहे. हा वाड्यांचा प्रदेश होय. नारळ, सुपारी, पानवेल, केळी, भाजीपाला आणि मोगरा, जाई, सोनचाफा यांसारखी फुले ही येथील पिके. राजेळी केळी वाळवून केलेली आगाशीची सुकेळी प्रसिद्ध आहेत. येथे शेतीचा हिशेब एकरांत नसून गुंठ्यांत चालतो. थोड्या जागेत बारमाही उत्पन्न काढण्याचे कसब येथील शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या जोपासले आहे.

या कसबाचा आधार म्हणजे बावखल. वाडीत खोदलेले हे गोड्या पाण्याचे तळे पावसाने भरते व जमिनीतील झऱ्यांनी टिकते. पूर्वी त्याच्या काठावर रहाट असे. बैल किंवा रेडा फिरे आणि रहाटाला बांधलेली मडकी पाणी उचलून पाटात ओतीत. उन्हाळ्यात बावखलातील गाळ काढून नारळी-केळींच्या बुंध्याशी घालीत. त्यामुळे झाडास खत मिळे आणि तळ्याचे झरेही मोकळे राहत. निर्मळचा विमल तलाव व सोपाऱ्याचा चक्रेश्वर तलाव हे मोठे जलाशय सर्वपरिचित आहेत, परंतु वाड्यांतील लहान लहान बावखले हीच या पट्ट्याची खरी जलसंपत्ती होय.

दुसरा पट्टा मधला व सखल. जुन्या खाडीची जागा, खाजण, मिठागरे व खारजमीन यांचा हा भाग. खारजमिनीत बांध व उघाडी यांच्या आधाराने पावसाळी भाताचे एक पीक घेतले जात असे व काही ठिकाणी अद्याप घेतले जाते. बांधामुळे भरतीचे पाणी बाहेर राहते आणि ओहोटीच्या वेळी उघाडीतून शेतातील पाणी बाहेर जाते. पावसाचे गोडे पाणी शेतात साठवून मातीतील क्षार विरघळवावयाचे आणि ओहोटीला ते सोडून द्यावयाचे, हीच येथील मशागत. नायगाव, वसई रोड, नालासोपारा व विरार ही रेल्वेस्थानके व त्यांभोवतीची दाट वस्ती या पट्ट्यात किंवा त्याच्या कडेला आहे.

तिसरा पट्टा पूर्वेचा. राष्ट्रीय महामार्ग ओलांडला की भूमी चढू लागते. तुंगारेश्वर व कामणदुर्ग यांची शिखरे समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच आहेत. तुंगारेश्वरच्या जंगलास २००३ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला. डोंगरांपलीकडे तानसा नदीच्या खोऱ्यात पारोळ, शिरवली, भाताणे, मेढे, उसगाव ही गावे आहेत. तानसा पुढे वैतरणेस मिळते. या पट्ट्यात पावसाळी भात व त्यानंतर जमिनीतील ओलाव्यावर वाल ही जुनी पीकपद्धती आहे. वरकस जमिनीत गवत होते. पाऊस येथेही भरपूर असतो, परंतु उतारावरून तो वेगाने वाहून जातो आणि फाल्गुनानंतर पाड्यापाड्यांत पाण्याची टंचाई भासते.

तीन पट्टे निरनिराळे असले तरी पाण्याचे सूत्र त्यांना एकत्र बांधते. डोंगरावर झाडी असली तर पाणी जमिनीत मुरते व संथपणे खाली येते. मधल्या पट्ट्यात त्यास पसरण्यास जागा असली तर ते कोणास न बुडविता खाडीस मिळते. किनाऱ्यावर बावखले असली तर तेथे पडलेला पाऊस तेथेच मुरतो. यांतील एक दुवा तुटला तरी बाकीच्या दोहोंस त्याचा उपद्रव पोचतो.

३. लोकवस्ती : तेव्हाची व आताची

या भूमीवर माणसे कोण राहतात? किनाऱ्यावर सामवेदी ब्राह्मण, सामवेदी ख्रिस्ती, वाडवळ, भंडारी, पानमाळी व कोळी, खाडीकाठी आगरी, पूर्वेकडे वारली, कातकरी व मल्हार कोळी, असा हा जुना समाज आहे. सामवेदी समाजाची कादोडी बोली आजही घरोघरी ऐकू येते. पोर्तुगिजांकडे १५३४ साली आलेली वसई १७३९ साली चिमाजी अप्पांनी जिंकली. राज्ये बदलली, परंतु बागाईत, भातशेती, मीठ व मासेमारी हे चार व्यवसाय शतकानुशतके चालू राहिले.

मोठा पालट रेल्वेने घडविला. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारपासून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. १९३६ साली विरारपर्यंत विजेच्या गाड्या आल्या. प्रारंभी या रेल्वेचा लाभ शेतकऱ्यासच अधिक झाला. भाजीच्या पाट्या, फुलांच्या करंड्या व दुधाच्या किटल्या पहाटेच्या गाडीने मुंबईच्या बाजारात जाऊ लागल्या. पुढे त्याच गाडीने मुंबईत नोकरी करणारी कुटुंबे वसईकडे राहावयास येऊ लागली. १९९० साली या भागाच्या नियोजनाचे काम सिडकोकडे देण्यात आले, आणि ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व भोवतालची अनेक गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. या वाढीत हरित पट्टा राखला जावा म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने लोकमत जागृत केले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता आकडे पाहू. १९०१ साली तालुक्याची लोकसंख्या सुमारे ८० हजार होती. २००१ साली ती सुमारे ८ लाख झाली, म्हणजे शंभर वर्षांत दहापट. २०११ साली ती सुमारे १३ लाख ४३ हजारांवर गेली. पहिल्या शंभर वर्षांत सव्वासात लाखांच्या आसपास माणसे वाढली, आणि पुढील केवळ दहा वर्षांत सुमारे साडेपाच लाख. आजच्या पालघर जिल्ह्याच्या क्षेत्रात २०११ साली सुमारे २९ लाख ९० हजार लोक राहत होते. त्यांतील शंभरांपैकी पंचेचाळीस एकट्या वसई तालुक्यात होते. तालुक्यातही १२ लाख २२ हजारांहून अधिक लोक महानगरपालिकेच्या हद्दीत होते. उरलेल्या ग्रामीण भागात, म्हणजे मुख्यत्वे पूर्व पट्ट्यात, सव्वा लाखाहून कमी लोक राहिले. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही, म्हणून आज हातात असलेला पक्का आकडा २०११ चाच होय. प्रत्यक्ष वस्ती त्याहून पुष्कळ पुढे गेली आहे, हे कोणासही डोळ्यांनी दिसेल.

हे आकडे वाचताना एक सावधगिरी बाळगावी. जनगणनेत महानगरपालिकेच्या हद्दीतील प्रत्येक जागा 'नागरी' गणली जाते. हद्दीबाहेरील गावही पुढील तीन कसोट्यांस उतरले तर नागरी ठरते : लोकसंख्या निदान ५,०००, मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरील व्यवसायात, आणि दर चौरस किलोमीटरला निदान ४०० माणसे. म्हणून किनाऱ्यावरील गावे महानगरपालिकेत आली तेव्हा तेथील पानवेलीचा मळा व केळीची बाग नकाशावर नागरी रंगात रंगली. वाडी जागच्या जागी आहे, माळी पहाटे पाणी देत आहे, परंतु 'ग्रामीण' या सदरात त्याचा शोध घेणाऱ्यास तो सापडणार नाही. तसेच जो मनुष्य वर्षातील सहा महिन्यांहून कमी काळ काम करतो त्याची गणना मुख्य कामगारांत न होता सीमांतिक कामगारांत होते. सकाळी कारखान्यात किंवा कचेरीत जाणारा व सायंकाळी वाडी पाहणारा शेतकरी कागदावर बहुधा 'इतर कामगार' म्हणून राहतो. आकडा खोटा नसतो, परंतु तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे समजून घ्यावे लागते.

४. गोड्या पाण्याचा हिशेब

माणसांच्या संख्येवरून आता पाण्याकडे वळू, कारण शेतकऱ्याचा व शहराचा संबंध येथेच येतो. शहरात दरमाणशी दररोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण धरले जाते. २०११ ची महानगरपालिकेची लोकसंख्या घेतली तरी हा हिशेब दिवसाला सुमारे १६ कोटी ५० लाख लिटर होतो. उसगाव, पेल्हार व पापडखिंड येथील धरणे जवळची, परंतु लहान. मुख्य भिस्त सूर्या नदीच्या पाण्यावर आहे. सूर्या प्रादेशिक योजनेतील दिवसाच्या ४०३ दशलक्ष लिटरपैकी १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारसाठी ठरलेले आहे. सूर्या प्रकल्प मुळात डहाणू-पालघर भागातील शेतीच्या सिंचनासाठी उभा राहिला होता, हे विसरता कामा नये. शहराच्या नळास येणारे पाणी कोठल्या तरी शेताच्या पाटातील वाटा असतो.

नळाचे पाणी जेथे पोचले नाही किंवा पुरले नाही, तेथे विंधणविहिरी व टँकर आले. पाण्याचे टँकर भरण्यास किनाऱ्याच्या पट्ट्यातील गोड्या विहिरी सोयीच्या पडल्या. यात काय धोका आहे हे समजण्यासाठी जमिनीखालील रचना पाहू.

किनाऱ्यावर जमिनीखाली दोन पाणी असतात. खाली समुद्राचे खारे पाणी व त्यावर तरंगणारे पावसाचे गोडे पाणी. खारे पाणी जड असल्याने गोडे पाणी त्यावर राहते. गायबेन व हर्झबर्ग या दोन शास्त्रज्ञांनी यासंबंधी मांडलेला नियम असा : सच्छिद्र वाळूच्या जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून १ मीटर वर असली तर समुद्रसपाटीखाली सुमारे ४० मीटर खोलीपर्यंत गोडे पाणी असते. ऐकण्यास हे फार सुखाचे वाटते. परंतु हाच नियम उलटाही चालतो. उपशामुळे गोड्या पाण्याची पातळी अर्धा मीटर उतरली आणि ती तशीच राहिली, तर खालचे खारे पाणी सुमारे २० मीटर वर चढू पाहते. जमिनीत खडक व चिकणमाती असल्यास हे प्रमाण बदलते, पण दिशा बदलत नाही. रहाट वरचे पाणी हळूहळू उचलीत असे व बैल थकला की थांबत असे. विजेचा पंप थकत नाही. म्हणून पंप बसविणाऱ्यानेच थांबण्याचा नियम पाळला पाहिजे.

गेल्या वैशाखात किनाऱ्याच्या एका गावी प्रस्तुत लेखकाने एक वाडी पाहिली. पानवेलीची पाने कडेने करपली होती, केळीची वाढ खुंटली होती आणि नारळ मात्र बरे होते. मालक वयाने वडीलधारे होते. ते म्हणाले, "साहेब, कोणते औषध मारू ते लिहून द्या." त्यांना विचारले, "काका, विहिरीचे पाणी कधी चाखून पाहिलेत?" ते थोडे थांबून म्हणाले, "पिण्यास आता नळाचेच घेतो. विहिरीचे पाणी तोंडात घेऊन चार वर्षे झाली." पोहरा काढून त्यांनी एक चूळ भरली आणि काही न बोलता पाणी थुंकले. त्या वाडीचे बावखल काही वर्षांपूर्वी भराव टाकून बुजविण्यात आले होते. रोग पानवेलीस नव्हता, तो विहिरीस होता. त्यावर फवारणी करण्याजोगे औषध नाही.

बुजविलेल्या बावखलाची किंमत किती? हिशेब सोपा आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. या भागात पावसाळ्यात सरासरीने २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे एका गुंठ्याच्या बावखलावर थेट आकाशातून वर्षाला २ लाख लिटरांहून अधिक पाणी पडते. १० हजार लिटरचा टँकर धरला तर हे वीस टँकर झाले, आणि भोवतालच्या वाडीतून वाहून येणारे पाणी निराळेच. बावखल बुजवून त्यावर फरशी घातली की हे पाणी मुरत नाही, गटारातून सखल भागाकडे धावते. म्हणजे एकाच कृत्याने दोन ठिकाणी हानी होते. पश्चिमेस विहीर खारी होते आणि मधल्या पट्ट्यात कोणाच्या तरी घरात पाणी शिरते. वाडीवाला व सदनिकेत राहणारा हे परस्परांचे विरोधक नाहीत, एकाच पाण्याचे भागीदार आहेत.

५. काय करावे

(अ) विहिरीची नोंदवही ठेवावी. पौष, फाल्गुन व वैशाख या तीन महिन्यांत एकदा पाण्याची पातळी मोजावी. दोरास वजन बांधून कठड्याच्या एकाच खुणेपासून मोजल्यास दरवर्षीची तुलना करता येते. त्याच दिवशी पाण्याचा नमुना घ्यावा. पंप काही मिनिटे चालवून स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरावी व तीवर गाव, गट क्रमांक व तारीख लिहून मृदचाचणी प्रयोगशाळेत पाठवावी.

(आ) अहवालातील विद्युतवाहकता पाहावी. डेसिसिमेन प्रतिमीटर या मापात ०.२५ पर्यंत पाणी कमी क्षाराचे, ०.२५ ते ०.७५ मध्यम, ०.७५ ते २.२५ जास्त आणि त्याहून वर अतिशय जास्त क्षाराचे समजावे. आकडा दरवर्षी वाढत असेल तर तो अद्याप मध्यम वर्गात असला तरीही सावध व्हावे.

(इ) पाण्याप्रमाणे पीक निवडावे. पानवेल, केळी, घेवडा, कांदा, मुळा व गाजर ही पिके क्षारास नाजूक आहेत. टोमॅटो व काकडी मध्यम. नारळ, चिकू व बीट ही अधिक सोसणारी. परंतु सोसणारे पीक लावणे हा तात्पुरता उपाय होय. त्याने विहीर गोडी होत नाही.

(ई) पंप सलग न चालविता थोडा वेळ चालवून विश्रांती द्यावी. खारे पाणी लागल्यावर विहीर अधिक खोल करू नये, तसे केल्याने खारे पाणीच जवळ येते. ठिबक सिंचन व पालापाचोळ्याचे आच्छादन यांनी उपसा कमी करावा. आपल्या विहिरीचे पाणी विकताना शेजाऱ्याच्या विहिरीचेही पाणी विकले जात असते, हे ध्यानी घ्यावे.

(उ) बावखलाचा गाळ वैशाखात, पावसापूर्वी काढावा. गाळ वाडीत घालण्यापूर्वी त्याची क्षारासाठी तपासणी करावी. छपराचे पाणी गाळणीतून विहिरीत किंवा बावखलात सोडावे.

(ऊ) मधल्या पट्ट्यात खारबांध व उघाड्या यांची दुरुस्ती मे अखेर संपवावी. उघाडीची दारे घट्ट बसतात की नाही हे मोठ्या भरतीच्या दिवशी पाहावे. भातासाठी पनवेल येथील खारजमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ या क्षार सोसणाऱ्या जातींचा विचार करावा.

(ए) पूर्व पट्ट्यात ओढ्यांवर वनराई बंधारे पावसाळा संपताच घालावेत व उतारावर समपातळी चर काढावेत. भातानंतरच्या वालास तेवढा ओलावा पुष्कळ उपयोगी पडतो.

(ऐ) ई-पीक पाहणीत आपल्या वाडीतील प्रत्येक पीक नोंदवावे. नागरी हद्दीतील शेतकऱ्याने तर हे अगत्याने करावे. ज्याची नोंद नाही त्याची गणना नाही, आणि ज्याची गणना नाही त्याचा विचार योजना आखताना होत नाही.

६. अभ्यासासाठी प्रश्न

शेतकरी मंडळे, शाळा व बचत गट यांनी पुढील प्रश्नांची उत्तरे आपल्या गावापुरती शोधून वहीत लिहावीत.

१. आपले गाव तीन पट्ट्यांपैकी कोणत्या पट्ट्यात येते? पावसाचे पाणी गावात कोणत्या बाजूने येते व कोठे जाते?

२. गावात तीस वर्षांपूर्वी किती बावखले, तळी किंवा विहिरी होत्या? आज किती उरल्या? वडीलधाऱ्यांस विचारून त्यांच्या जागा नकाशावर दाखवाव्यात.

३. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत आपले गाव ग्रामीण आहे की नागरी? शेतकरी, शेतमजूर व इतर कामगार यांची संख्या प्रत्यक्ष स्थितीशी जुळते काय?

४. वैशाखात कोणत्या विहिरी खाऱ्या होतात? त्या एका ओळीत आहेत काय? असल्यास ती ओळ दरवर्षी कोणत्या दिशेने सरकते?

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. खारे पाणी एका रात्रीत येत नाही. ते वर्षाला एकेक वाडी ओलांडीत येते, आणि पहिल्या वाडीची नोंद असेल तर दुसरी वाचविता येते. गेल्या वैशाखातील त्या गृहस्थांनी आता बावखलाचा अर्धा भराव काढला असून विहिरीची नोंदवही सुरू केली आहे. विहीर लगेच गोडी होणार नाही, काही पावसाळे जावे लागतील. परंतु त्यांच्या शेजारच्या तीन वाड्यांनीही पाण्याचे नमुने पाठविले आहेत. आपल्या भूमीची ओळख या अशाच एका वहीपासून सुरू होते. ती वही प्रत्येक गावाने या वर्षी उघडावी, अशी विनंती आहे.